एम्बेडेड मायक्रोप्रोसेसरसाठी चित्ररूप प्रोग्रॅमिंग साधनांची निवड

प्रास्ताविक

इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र किंवा इन्स्ट्रुमेंटेशन विभागाच्या प्रयोगशाळेसाठी मायक्रोकंट्रोलरचे नवे संच घ्यावयाचे ठरले की त्यासोबत प्रोग्रॅमिंगचे साधन कोणते घ्यावे हा प्रश्न उपस्थित होतो. विक्रेत्याचा प्रतिनिधी प्रात्यक्षिक दाखवतो. पडद्यावर दोन ठोकळे ओढून आणले जातात, त्यांच्यामध्ये एक रेघ जोडली जाते आणि संचावरील दिवा लुकलुकू लागतो. सी भाषेची एकही ओळ न लिहिता काम झाले हे पाहून समितीचे समाधान होते आणि मागणीपत्रावर सह्या होतात. पुढील आठ-दहा वर्षे मात्र विद्यार्थी आणि अध्यापक दोघेही त्या अर्ध्या तासाच्या प्रात्यक्षिकाशी बांधले जातात.

दिवा लुकलुकवणे कोणत्याही साधनाला जमते. त्यावरून साधनाची पारख होत नाही. चित्र पाहून माणसाला जो अर्थ लागतो आणि प्रत्यक्ष चिपवर जे घडते, या दोहोंत किती अंतर आहे, आणि ते अंतर विद्यार्थ्याला तपासून पाहता येते का, हा निवडीचा मुख्य निकष असावयास हवा. प्रस्तुत लेखात या निकषाच्या आधारे प्रचलित साधनांचा विचार केला आहे. 'मायक्रोप्रोसेसर' हा शब्द येथे व्यापक अर्थाने घेतला असून मेमरी व इनपुट-आउटपुट एकाच चिपवर असलेले मायक्रोकंट्रोलरही त्यात धरले आहेत.

चित्ररूप भाषांची कुळे

चित्राने प्रोग्रॅम लिहिण्याची कल्पना घरगुती संगणकाहूनही जुनी आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मॉडिकॉनने पहिले प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर बनवले, तेव्हा कारखान्यातील वीजतंत्रज्ञांना परिचित असलेली रिले-जोडणीची शिडीसारखी आकृतीच भाषा म्हणून स्वीकारण्यात आली. तिलाच लॅडर म्हणतात. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या आयईसी ६११३१-३ या प्रमाणकाने लॅडर, फंक्शन ब्लॉक आणि सिक्वेन्शियल फंक्शन चार्ट या चित्ररूप पद्धतींना स्ट्रक्चर्ड टेक्स्ट व इन्स्ट्रक्शन लिस्ट या अक्षररूप भाषांच्या जोडीला बसवले. गमतीची गोष्ट अशी, की २०१३ च्या तिसऱ्या आवृत्तीत यांपैकी जी भाषा कालबाह्य ठरवण्यात आली ती यंत्रभाषेला सर्वांत जवळची असलेली इन्स्ट्रक्शन लिस्ट होय. लॅडर मात्र टिकून आहे.

दुसरे कूळ डेटाप्रवाहाचे. नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सने १९८६ साली मॅकिन्टॉश संगणकासाठी लॅबव्ह्यू आणले. त्यात ठोकळा म्हणजे क्रिया आणि तार म्हणजे मूल्य; सर्व इनपुट पोहोचल्याशिवाय ठोकळा चालत नाही. मॅथवर्क्सचे सिम्युलिंक दिसावयास असेच असले, तरी त्याचे मूळ नियंत्रण अभियांत्रिकीतील ब्लॉक आकृतीत आहे आणि त्यातील रेघ म्हणजे काळानुसार बदलणारा संकेत होय. फ्रान्समधील ग्रनोबल येथे १९८० च्या दशकात विकसित झालेल्या लुस्त्र या भाषेतून स्केड हे साधन उभे राहिले व ते एअरबसच्या उड्डाणनियंत्रणापर्यंत पोहोचले. तिसरे कूळ अवस्थाचित्रांचे. इस्रायली लढाऊ विमानाच्या प्रकल्पावर काम करताना डेव्हिड हॅरेल यांना सुचलेली ही पद्धत १९८७ साली सविस्तर प्रसिद्ध झाली. सर्वांत अलीकडचे कूळ कोड्याच्या तुकड्यांसारख्या ठोकळ्यांचे आहे. एमआयटीचे स्क्रॅच (२००७), गूगलचे ब्लॉकली (२०१२) आणि मायक्रो:बिटसाठी वापरले जाणारे मायक्रोसॉफ्टचे मेककोड ही त्याची उदाहरणे होत. या ठोकळ्यांत वस्तुतः वाक्येच असतात. फक्त व्याकरणाची चूक करता येऊ नये असा त्यांचा आकार असतो.

एसटीएम३२ क्यूबएमएक्ससारखी साधने पुष्कळदा याच यादीत टाकली जातात. त्यात चिपच्या पिना आणि घड्याळाची गती चित्रावरून ठरवता येते, पण पुढील प्रोग्रॅम सी भाषेतच लिहावा लागतो. ते उपयुक्त साधन आहे. चित्ररूप प्रोग्रॅमिंगचे मात्र नव्हे.

चित्र एक, अर्थ अनेक

चित्र पाहताक्षणी कळते असा समज आहे. अवस्थाचित्राचे एक उदाहरण घेतले तरी हा समज तपासून पाहता येतो. एका मोठ्या अवस्थेच्या पोटात एक लहान अवस्था आहे. एकाच घटनेमुळे मोठ्या अवस्थेतून बाहेर नेणारा बाण आणि लहान अवस्थेतून शेजारच्या अवस्थेत नेणारा बाण हे दोन्ही लागू होतात. अशा वेळी कोणता बाण घ्यावयाचा? हॅरेल यांच्या पद्धतीवर आधारलेल्या स्टेटमेट या साधनात बाहेरच्या अवस्थेच्या बाणाला प्राधान्य असते. यूएमएल या प्रमाणकात आतल्या बाणाला. चित्र तंतोतंत तेच, परंतु एका ठिकाणी यंत्र बंद पडेल आणि दुसऱ्या ठिकाणी ते केवळ गती बदलेल.

सिम्युलिंकसोबत येणाऱ्या स्टेटफ्लोमध्ये याहून विचित्र प्रकार होता. एकाच अवस्थेतून निघणारे दोन बाण तुल्यबळ असतील, तर घड्याळातील बाराच्या स्थानापासून उजवीकडे फिरत जो बाण आधी लागेल तो आधी तपासला जाई. म्हणजे चित्र नीटनेटके दिसावे म्हणून कोणी एखादा बाण वरून खाली सरकवला तर प्रोग्रॅमचे वर्तन बदलू शके. पुढे बाणांना स्पष्ट क्रमांक देण्याची सोय झाली आणि आता तीच पद्धत रूढ आहे. जुनी आकृती उघडताना मात्र हा तपशील लक्षात ठेवावा लागतो.

लॅबव्ह्यूमध्ये विद्यार्थ्यांची नेहमीची चूक निराळी असते. मराठी वा इंग्रजी वाचणारी नजर डावीकडून उजवीकडे जाते, म्हणून डावीकडचा ठोकळा आधी चालेल असे गृहीत धरले जाते. दोन ठोकळ्यांमध्ये तार नसेल तर त्यांच्या क्रमाची कोणतीही हमी ती भाषा देत नाही. याउलट लॅडरमध्ये क्रम पक्का असतो. पायऱ्या वरून खाली वाचल्या जातात आणि शेवटची पायरी झाली की पुन्हा पहिली. त्यामुळे तिसऱ्या पायरीवर बदललेले मूल्य पाचव्या पायरीला त्याच फेरीत दिसते, पहिल्या पायरीला मात्र पुढच्या फेरीत. मेककोडमध्ये पडद्यावर दोन 'फॉरेव्हर' ठोकळे शेजारी ठेवले की ते एकाच वेळी चालत आहेत असे वाटते. प्रत्यक्षात ते आळीपाळीने चालतात. प्रत्येक फेरीनंतर सुमारे २० मिलिसेकंदांचा विराम असतो आणि त्या विरामात दुसऱ्याला संधी मिळते. एकात विराम नसलेले अखंड चक्र टाकले तर दुसरा उपाशी राहतो.

यांपैकी कोणतीही पद्धत सदोष नाही. प्रत्येकीचा नियम वेगळा आहे आणि तो चित्रात दिसत नाही, एवढाच मुद्दा आहे. म्हणून साधनाची माहितीपुस्तिका हाती आली की ठोकळ्यांची संख्या मोजण्याआधी अंमलबजावणीच्या क्रमाविषयीचे प्रकरण शोधावे. तो नियम दोन पानांत स्पष्ट सांगता येत नसेल, तर ते साधन अध्यापनासाठी घेण्याचा आग्रह धरू नये.

प्रोग्रॅम कोठे चालतो?

हा प्रश्न बाळबोध वाटतो, परंतु खरेदीच्या वेळी तो क्वचितच विचारला जातो. काही साधनांत चित्र संगणकावरच चालते आणि मायक्रोकंट्रोलर केवळ त्याचा हात म्हणून वावरतो. आर्डुइनोसाठीचे एस४ए, किंवा लॅबव्ह्यूमधून लिंक्स वापरून केलेली आर्डुइनोची जोडणी, ही या प्रकारची आहेत. चिपवर एक ठरावीक प्रोग्रॅम बसवलेला असतो; तो सिरियल केबलवरून आलेले हुकूम पाळतो. केबल काढली की सारे थांबते. दुसऱ्या प्रकारात चित्राचे रूपांतर चिपच्या यंत्रभाषेत होते आणि ते चिपवर उतरवले जाते. फ्लोकोड, मेककोड आणि सिम्युलिंकमधील आर्डुइनोसाठीचा आधारसंच ही दुसऱ्या प्रकारची उदाहरणे.

पहिला प्रकार त्याज्य आहे असे नव्हे. मुंबईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्पाने सायलॅब या मुक्त साधनाच्या प्रसारासाठी मोठे काम केले आहे. त्याच संस्थेत घडलेल्या, एका हीटर व पंख्याच्या छोट्या उपकरणावर नियंत्रणशास्त्राचे प्रयोग संगणकावरील सायलॅबमधूनच केले जातात. धातूच्या पट्टीचे तापमान सेकंदांच्या गतीने बदलते. तेथे केबलमुळे होणारा काही मिलिसेकंदांचा विलंब जाणवतही नाही. मोटारीच्या चाकावरील एन्कोडरचे ठोके मोजावयाचे असतील तर मात्र हिशेब बिघडतो. ५७,६०० बॉड गतीला एक बाइट जाण्यास सुमारे ०.१७ मिलिसेकंद लागतात. तीन बाइटचा प्रश्न आणि तीन बाइटचे उत्तर यांत केवळ तारेवरच एक मिलिसेकंद संपतो. संगणकाच्या कार्यप्रणालीचा अनिश्चित विलंब त्यावर वेगळा. दरम्यान चाकाचे अनेक ठोके निसटलेले असतात. नियंत्रण शिकवावयाचे की एम्बेडेड प्रणाली शिकवावयाची, हे आधी ठरले तर या दोन प्रकारांतील निवड सोपी होते.

दोन किलोबाइटचे जग

आर्डुइनो ऊनोवरील एटीमेगा३२८पी या चिपमध्ये ३२ किलोबाइट फ्लॅश आणि २ किलोबाइट रॅम असते. इंटेलने १९८० साली आणलेल्या मूळ ८०५१ मध्ये तर अंतर्गत रॅम केवळ १२८ बाइट होती. महाराष्ट्रातील अनेक पदवी अभ्यासक्रमांत ८०५१ ने वर्षानुवर्षे जागा व्यापली. तिच्यावर शिकलेल्या पिढीला बाइट मोजण्याची सवय होती. चित्ररूप साधनाने ही सवय सर्वप्रथम जाते.

समजा, तापमानाच्या शेवटच्या ६४ नोंदींची सरासरी काढणारा ठोकळा चित्रात ठेवला. नोंदी १६ बिटांच्या पूर्णांकात साठवल्या तर १२८ बाइट लागतात, म्हणजे मूळ ८०५१ ची संपूर्ण अंतर्गत रॅम. ३२ बिटांच्या दशांश संख्या घेतल्या तर २५६ बाइट, म्हणजे एटीमेगाच्या रॅमचा आठवा हिस्सा. चित्रात मात्र तो एकच चौकोन असतो आणि शेजारच्या 'बेरीज' या चौकोनाएवढाच मोठा दिसतो.

संख्येच्या प्रकाराचा प्रश्न याहून नाजूक आहे. सिम्युलिंकमध्ये काही न सांगितल्यास ६४ बिटांची दशांश संख्या गृहीत धरली जाते. एटीमेगासाठी प्रचलित असलेल्या जीसीसी कंपायलरमध्ये 'डबल' हा प्रकार सामान्यतः ३२ बिटांचाच असतो. म्हणजे संगणकावरचे सिम्युलेशन १५-१६ अंकांच्या अचूकतेने होते आणि चिपवरचा प्रोग्रॅम सुमारे ७ अंकांच्या. दर मिलिसेकंदाला ०.००१ मिळवत जाणारे घड्याळ अशा चिपवर चालवल्यास ते आरंभी ठीक दिसते. पुढे ते किंचित मागे पडते. त्याचा आकडा १६,३८४ सेकंदांच्या पुढे गेला की प्रत्येक मिळवणी वर गोल होऊन घड्याळ जवळपास दुप्पट वेगाने पळू लागते आणि ३२,७६८ ला पोहोचले की थांबते, कारण त्या आकाराच्या संख्येत ०.००१ मिळवून ३२ बिटांत काहीच फरक पडत नाही. प्रत्यक्षात सुमारे सात तास झालेले असताना घड्याळ नऊ तासांहून अधिक वेळ दाखवत गोठते. प्रयोगशाळेच्या दोन तासांच्या तासिकेत ही चूक उघडकीस येणे शक्य नाही. पूर्णांक वापरून मिलिसेकंद मोजले असते तर ती झालीच नसती. ठोकळ्याच्या इनपुट-आउटपुटवरील संख्याप्रकार पडद्यावर दाखवण्याची सोय साधनात आहे का, आणि ती प्रथमपासून चालू ठेवता येते का, हे म्हणूनच पाहावे.

तारेच्या बाबतीतही असेच घडते. ८ बिटांची चिप १६ बिटांची संख्या दोन टप्प्यांत वाचते. मुख्य प्रोग्रॅमने २५५ या संख्येचा खालचा बाइट वाचला आणि त्याच क्षणी इंटरप्टने ती संख्या २५६ केली, तर वरचा बाइट नव्या संख्येचा येतो. हाती येणारी संख्या २५५ नसते, २५६ ही नसते. ती ५११ असते. आकृतीत या दोन भागांना जोडणारी एक सरळ तार दिसते. सिम्युलिंकमध्ये वेगवेगळ्या गतीने चालणाऱ्या भागांमध्ये 'रेट ट्रान्झिशन' हा ठोकळा ठेवून हा धोका टाळता येतो. ज्या साधनाला दोन गतींमधील अशी सीमा ओळखताच येत नाही, त्यात ही जबाबदारी विद्यार्थ्यावर पडते आणि ती पडली आहे हे त्याला कळत नाही.

निर्माण झालेला कोड वाचता येणे म्हणूनच अत्यावश्यक ठरते. सिम्युलिंकच्या कोड-निर्मितीत चित्रातील ठोकळा आणि सी भाषेतील ओळ यांचा परस्परसंबंध दाखवता येतो. फ्लोकोडमध्ये तयार झालेले सी पाहता येते. मेककोडमध्ये तोच प्रोग्रॅम एका कळीने अक्षररूपात दिसतो, त्यात बदल करून पुष्कळदा पुन्हा ठोकळ्यांकडे परतता येते. अध्यापनाच्या दृष्टीने ही ये-जा इतर अनेक सोयींहून मोलाची आहे.

वाचनाचा प्रश्न

सॉफ्टवेअर स्वभावतःच चित्रात मावणारे नाही, असे मत फ्रेड ब्रुक्स यांनी १९८६ साली मांडले होते. थॉमस ग्रीन आणि मॅरियन पेट्रे यांनी १९९२ साली लॅबव्ह्यूमधील चित्रे आणि अक्षररूप प्रोग्रॅम अनुभवी वाचकांसमोर ठेवून तुलना केली, तेव्हा अटींचे तर्क समजून घेण्यास चित्रांना अधिक वेळ लागतो असे आढळले. पेट्रे यांनी पुढे दाखवले, की चित्र वाचण्याचेही एक कौशल्य असते आणि जाणकार मांडणीतून अर्थ सुचवतो तर नवखा तो गमावतो. नियंत्रणाची ब्लॉक आकृती मात्र अभियंता मुळातच चित्रात विचारात घेतो. तेथे हा आक्षेप बराच सौम्य होतो. तार्किक अटींचे जंजाळ असेल तर अवस्थाचित्र किंवा चक्क सी, आणि संकेतांवरील गणित असेल तर ब्लॉक आकृती, असा भेद व्यवहारात उपयोगी पडतो.

साधनाचे आयुष्य

सी भाषेत लिहिलेला तीस वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम आज किमान वाचता तरी येतो. चित्राची फाइल त्या विशिष्ट साधनाशिवाय उघडत नाही. स्टेटमेट बनवणारी आय-लॉजिक्स २००६ साली टेलेलॉजिककडे आणि ती २००८ साली आयबीएमकडे गेली. व्हिसिम २०१४ साली आल्टेअरकडे गेले, त्याचे नाव बदलले आणि २०२५ साली आल्टेअरच सीमेन्सकडे गेली. नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सने २०१७ साली लॅबव्ह्यूची एनएक्सजी ही नवी पिढी आणली आणि तीन वर्षांतच तिचा पुढील विकास थांबवण्याचे जाहीर केले. मूळ लॅबव्ह्यू चालू राहिले आणि कंपनी २०२३ साली इमर्सनच्या ताब्यात आली. लॅबव्ह्यूवर आधारलेल्या चित्रभाषेसह २००६ साली आलेल्या लेगो माइंडस्टॉर्म्स एनएक्सटीने अनेक शाळा-महाविद्यालयांत रोबोटिक्सची सुरुवात करून दिली. ती मालिका २०२२ च्या अखेरीस बंद झाली. यात कोणाचा अप्रामाणिकपणा नाही, बाजाराचा हा क्रमच आहे. अभ्यासक्रमाची पुनर्रचना मात्र त्या गतीने होत नाही.

परवान्याचे वार्षिक नूतनीकरण, फाइल मजकूररूपात आहे की बंद स्वरूपात, दोन विद्यार्थ्यांनी केलेले बदल एकत्र जुळवता येतात का, हे प्रश्न या संदर्भात पाहावे लागतात. लॅबव्ह्यूची फाइल बायनरी असल्याने दोन आवृत्त्यांतील फरक पाहण्यास त्याचेच साधन लागते. सायलॅबमधील एक्सकॉस किंवा आयईसी भाषांसाठीचे ओपनपीएलसी ही मुक्त साधने सोयींत उणी असली तरी त्यांची जुनी आवृत्ती जपून ठेवण्यास कोणाची परवानगी लागत नाही. दुसरीकडे, पुण्याच्या परिसरातील वाहन-इलेक्ट्रॉनिक्स उद्योगात सिम्युलिंकचा वापर रुळलेला आहे. तेथे नोकरी शोधणाऱ्या पदवीधराला मुक्त साधनाचा परिचय पुरेसा ठरेलच असे नाही. अंतिम वर्षासाठी उद्योगातील साधन आणि त्याआधी कोड उघड दाखवणारे मुक्त साधन, ही विभागणी अनेक विभागांना परवडण्याजोगी आहे.

मागणीपत्रापूर्वीचा प्रयोग

निवडीपूर्वी एकच छोटी समस्या प्रत्येक साधनात करून पाहावी. एक बटण, एक तापमान-संवेदक आणि एक पंखा पुरेसा आहे. बटणाच्या संपर्काची थरथर गाळावयाची, तापमान दर १०० मिलिसेकंदांनी वाचून ६४ नोंदींची सरासरी काढावयाची आणि पंख्याची गती दर १० मिलिसेकंदांनी सुधारावयाची. हे काम विक्रेत्याच्या प्रतिनिधीने नव्हे, तर विभागातील अध्यापकाने आणि शक्य असल्यास दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याने करावे.

तयार झालेल्या प्रोग्रॅमने किती फ्लॅश आणि किती रॅम घेतली याची नोंद करावी व सी भाषेत हाताने लिहिलेल्या प्रोग्रॅमशी तुलना करावी. दुपटीचा फरक चालू शकतो, दहापटीचा नाही. मग संगणकाची केबल काढून पंखा चालू राहतो का ते पाहावे. संच रात्रभर चालू ठेवून सकाळी त्याच्या घड्याळाचा आकडा भिंतीवरील घड्याळाशी ताडून पाहावा. आकृतीतील एखादा ठोकळा किंवा बाण केवळ जागेवरून हलवावा, जोडणी तीच ठेवावी आणि वर्तन बदलते का ते तपासावे. शेवटी, निर्माण झालेल्या कोडमध्ये सरासरीची ओळ कोठे आहे हे विद्यार्थ्याला शोधावयास सांगावे आणि त्याला लागलेला वेळ लिहून ठेवावा. या नोंदींचा कागद मागणीपत्राला जोडला, तर काही वर्षांनी साधन बदलावे लागेल तेव्हा नव्या समितीला तोच प्रयोग तसाच्या तसा पुन्हा करता येईल.